बारावीनंतर अठरा वर्षांनी एमबीबीएसला

माझ्या २००७ सालच्या बारावीच्या गुणपत्रिकेवर जीवशास्त्र नाही. इंजिनिअरिंगला जायचं ठरलेली मुलं तेव्हा बायफोकल, म्हणजे व्यावसायिक विषय, घेत, तसं मी इलेक्ट्रॉनिक्स घेतलं. दोनशे गुणांचा तो विषय घेतला की दुसरी भाषा आणि जीवशास्त्र दोन्ही सुटायचं. सोळाव्या-सतराव्या वर्षी, तेव्हाच्या हिशेबाने, ते योग्यच होतं. सिव्हिलची पदवी झाली, जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागात कनिष्ठ अभियंता म्हणून नोकरी लागली, लग्न झालं, मुलगा झाला. आज मी पस्तिशी ओलांडली आहे आणि मराठवाड्यातल्या एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला शिकते आहे. ओळखीपाळखीतून बरेच जण फोन करून विचारतात: नर्स आहेत, फार्मसीवाले आहेत, एक-दोन शिक्षक आहेत, आयटीतली मुलं तर बरीच. प्रत्येकाला तुकड्यातुकड्याने सांगण्यापेक्षा सगळं एकदाच नीट लिहावं म्हणून हे.

डॉक्टर व्हायचं माझं लहानपणीचं स्वप्न वगैरे नव्हतं. हा विचार मला नोकरीने दिला.

माझं काम नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात, सुरगाणा-पेठच्या बाजूला. पावसाळ्यात धो धो पाऊस आणि एप्रिल-मेमध्ये विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी भरायची वेळ, असा हा भाग. २०१९ मध्ये जलजीवन मिशन आलं तेव्हापासून अंदाजपत्रकं, पाइपलाइनची मोजमापं, एमबी, म्हणजे कामाची मोजमाप पुस्तिका, भरणं आणि मार्चअखेरची बिलं यात वर्ष कसं जायचं कळत नसे. पण जूनमध्ये पहिला पाऊस पडला की दुसरंच काम सुरू होई. कुठल्यातरी पाड्यावर जुलाब-उलट्यांचे रुग्ण निघत, आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर नि आम्ही एकाच जीपने तिथे पोचत असू. ते माणसं बघत, मी पाणी बघत असे. विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर कधी टाकली, जलसुरक्षकाकडे साठा आहे का, नळाच्या टोकाला ओटी टेस्टला, म्हणजे क्लोरीनच्या चाचणीला, पिवळा रंग येतो का, पाइप कुठे गटारातून गेलाय का, एवढं तपासायचं.

अशाच एका वेळी टाकीत क्लोरीन व्यवस्थित होतं, तरी वस्तीच्या एकाच बाजूला रुग्ण निघत होते. पाणी दिवसातून तासभरच सुटायचं. पाणी बंद झालं की पाइपमधला दाब उतरतो, आणि पाइपला कुठे फट असेल तर बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं. ती फट आम्ही शोधली, तो तुकडा बदलला. माझं काम तिथे संपलं. आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात एक म्हातारी आजी सलाइन लावून निजलेली होती. डॉक्टर तिच्या सुनेला सारखं एकच विचारत होते, "लघवी झाली का? कालपासून किती वेळा?" मी त्यांना विचारलं, "सर, जुलाब होतायत तर लघवीचं का विचारताय?" ते म्हणाले, "मॅडम, तुमचंच गणित आहे. दाब उतरला की गाळप थांबतं. जास्त वेळ थांबलं की किडनी खराब होते." एवढं बोलून ते पुढच्या रुग्णाकडे गेले.

आजी वाचल्या. पण माझ्या डोक्यातून ते जाईना. पाण्याचा माझा अभ्यास नळाच्या तोटीशी संपत होता आणि खरा प्रश्न तोटीच्या पुढे सुरू होत होता. पुढची तीन-चार वर्षं मी त्या डॉक्टरांना, त्यांच्या जागी आलेल्या दुसऱ्या डॉक्टरांना, सिस्टरना, आशाताईंना प्रश्न विचारत राहिले. फ्लोराइड जास्त असलेल्या पाण्याने हाडांना काय होतं, कावीळ एकाच घरात चौघांना का होते, बाळाला ओआरएस किती द्यायचं. सार्वजनिक आरोग्याचा एखादा पदविका अभ्यासक्रम करावा असं आधी वाटलं आणि मी त्याची माहितीही काढली. पण मला व्हरांड्यातल्या त्या आजीजवळ उभं राहून निर्णय घेता यायला हवा होता, आणि तो अधिकार त्या पदविकेने मिळाला नसता.

आता नियमांकडे येते, कारण बहुतेक जण इथेच अडतात आणि जुन्या ऐकीव माहितीवर परत फिरतात.

२०१७ च्या नीटपासून, म्हणजे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेपासून, खुल्या प्रवर्गाला २५ वर्षांची कमाल वयोमर्यादा घातली होती, राखीव प्रवर्गांना पाच वर्षांची सवलत होती. ते प्रकरण दिल्ली उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालयात गेलं, अंतरिम आदेशांवर मोठ्या वयाची मुलं परीक्षा देत राहिली. अखेर राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑक्टोबर २०२१ च्या बैठकीत ही मर्यादा काढायचं ठरवलं आणि मार्च २०२२ मध्ये तसं पत्र निघालं. आता फक्त किमान वय आहे: प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला १७ वर्षं पूर्ण हवीत. ओडिशातल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्याने २०२० मध्ये, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी नीट पास होऊन सरकारी महाविद्यालयात प्रवेश घेतल्याची बातमी मी तेव्हा कापून ठेवली होती. ती बातमी मला उत्तेजन देण्यापेक्षा पुरावा म्हणून कामी आली. घरच्यांना आणि ऑफिसातल्यांना "नियमात बसतं" हे पटवायला.

पण माझी अडचण वयाची नव्हतीच. जुन्या नियमाप्रमाणे अकरावी-बारावीची दोन्ही वर्षं भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र प्रात्यक्षिकांसह नियमित शिकलेलं असणं बंधनकारक होतं. बारावीनंतर जीवशास्त्र वेगळं देऊन उपयोग नव्हता. हा दरवाजा २२ नोव्हेंबर २०२३ ला उघडला. आयोगाने सूचना काढली की बारावी झाल्यानंतर मान्यताप्राप्त मंडळातून जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण झालेल्यांनाही नीट देता येईल. मी ती सूचना आधी मोबाइलवर वाचली, मग ऑफिसच्या प्रिंटरवर छापून घेतली आणि रात्री नवऱ्यापुढे ठेवली. तो माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. त्याने दोनदा वाचली आणि म्हणाला, "म्हणजे आता तुला नाही म्हणायला नियमाचं कारण उरलं नाही. आता आपल्याला खरोखरच ठरवावं लागणार."

त्या हिवाळ्यात आम्ही बरेच दिवस फक्त हिशेब केले. साडेचार वर्षं अभ्यासक्रम, एक वर्ष इंटर्नशिप, सरकारी महाविद्यालयातून झाल्यावर एक वर्षाची बंधपत्रित सेवा. माझी चाळिशी मधेच कुठेतरी उलटणार. घरकर्ज चालू होतं, मुलगा तिसरीत होता. खासगी महाविद्यालयाची फी आमच्या आवाक्यात नव्हती, त्यामुळे सरकारी जागा मिळाली तरच, नाहीतर नाही, हे पहिल्याच दिवशी ठरलं. सासूबाईंचा प्रश्न सगळ्यात नेमका होता. त्यांनी विचारलं, "पोराचं आजारपण कोण काढणार?" त्यांनी स्वतःच नंतर त्याचं उत्तर दिलं, तेही सांगेन.

जीवशास्त्र द्यायचे दोन मार्ग होते: राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, किंवा आपलं राज्य मंडळ. राज्याच्या कोट्यासाठी दहावी-बारावी महाराष्ट्रातून असावी लागते, आणि कागदपत्रं तपासताना प्रश्न नकोत म्हणून मी राज्य मंडळ निवडलं. मंडळाच्या अर्जात पुनर्परीक्षार्थी, श्रेणीसुधार, खासगी अशा प्रकारांत 'तुरळक विषय' असा एक प्रकार असतो. तोच आपला. अर्ज कनिष्ठ महाविद्यालयामार्फतच भरावा लागतो, आणि जीवशास्त्राला ७० गुणांचा लेखी पेपर नि ३० गुणांचं प्रात्यक्षिक असल्याने प्रयोगशाळा वापरू देणारं महाविद्यालय हवं. तालुक्याच्या ठिकाणी एका महाविद्यालयात "असं कधी कोणी केलेलं नाही" म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या ठिकाणच्या जीवशास्त्राच्या मॅडमनी सूचनेची छापील प्रत वाचली, मंडळाच्या विभागीय कार्यालयात फोन लावून खात्री केली आणि मला म्हणाल्या, "शनिवारी दुपारी येत जा. पण प्रयोगवही स्वतःच्या हाताने लिहायची." त्यांचं नाव इथे घेत नाही, पण त्या मॅडम नसत्या तर मी आज इथे नसते.

शनिवारी साइटवरून थेट प्रयोगशाळेत जायचे. कांद्याच्या मुळाचं टोक चिरडून, रंगवून, पेशी विभागताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तेव्हा मला जे वाटलं ते सतराव्या वर्षी वाटलं नसतं, याची मला खात्री आहे. तेव्हा मी गुण मोजले असते. आता गुणसूत्रं दोन टोकांकडे ओढली जाताना बघून मी त्या भिंगाशी बराच वेळ बसून राहिले.

नीटचं गणित असं. ७२० गुण, १८० प्रश्न, त्यात ४५ भौतिक, ४५ रसायन, ९० जीवशास्त्र. बरोबर उत्तराला चार, चुकीला उणे एक. म्हणजे अर्धी परीक्षा त्या विषयाची जो मी कधी शिकलेच नव्हते. एनसीईआरटीची अकरावी-बारावीची जीवशास्त्राची दोन पुस्तकं ओळ न् ओळ यावी लागतात. आकृतीखालची ओळ, तक्त्यातला कोपरा, सगळं. इंजिनिअरला हे जड जातं. आम्हाला सूत्र कळलं की बाकी काढता येतं अशी सवय. प्राण्यांच्या संघांची लक्षणं, वनस्पतींची कुळं, संप्रेरकांची नावं कशातूनच काढता येत नाहीत, ती पाठच करावी लागतात. मी रोज पहाटे साडेचारला उठून सहापर्यंत फक्त जीवशास्त्र वाचायचे आणि जीपमध्ये, साइटवर जाता-येता, स्वतःच्याच आवाजात रेकॉर्ड केलेले तक्ते ऐकायचे. ड्रायव्हर काकांना आवृतबीजी वनस्पतींचं दुहेरी फलन माझ्याइतकंच पाठ झालं होतं.

शरीरक्रियाशास्त्राचे धडे मात्र वेगळे गेले. उत्सर्जन संस्थेच्या धड्यात एक आकडा आला आणि मी थांबले. निरोगी माणसाची दोन मूत्रपिंडं मिनिटाला सुमारे १२५ मिलिलिटर, म्हणजे दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात, आणि त्यातला बहुतेक सगळा परत रक्तात घेऊन दीड लिटरच्या आसपास बाहेर टाकतात. जलजीवनमध्ये आम्ही माणशी दिवसाला ५५ लिटर धरून योजना आखतो. तिच्या तिपटीहून जास्त गाळप प्रत्येक माणसाच्या पोटात, मुठीएवढ्या दोन अवयवांत चाललेलं आहे, आणि ते चालतं रक्तदाबावर. व्हरांड्यातले डॉक्टर "दाब उतरला की गाळप थांबतं" म्हणाले होते ते मला त्या पहाटे पूर्ण कळलं. हृदयाच्या झडपा, फुप्फुसातला वायूंचा दाब, रक्तवाहिनी अरुंद झाली की प्रवाहाला होणारा विरोध हे सगळं मी फार वेगाने शिकले, कारण नळातून पाणी कसं वाहतं हे मला आधीच ठाऊक होतं. वय वाढल्यावर पाठांतर हळू होतं हे खरं आहे. पण एखादी गोष्ट समजली की ती पूर्वीच्या सगळ्या अनुभवाला जोडली जाते आणि मग सुटत नाही, हेही तितकंच खरं आहे.

भौतिकशास्त्र मला येत होतं, पण वेगाने येत नव्हतं. रसायनातलं ऑरगॅनिक पार विसरलेलं होतं. नाशिकला एका क्लासच्या रिपीटर बॅचची रविवारची टेस्ट सिरीज लावली. तिथल्या मुलांनी मला फार सांभाळून घेतलं. कुठला प्रश्न सोडून द्यायचा, हे मला त्यांनी शिकवलं. आमच्या नोकरीत अर्धवट काम सोडता येत नाही. त्या पेपरमध्ये मात्र दोन मिनिटं अडलं की पुढे जाता आलं पाहिजे.

२०२४ चा उन्हाळा वाईट गेला. त्या वर्षीच्या नीटच्या पहिल्या निकालात ६७ जणांना ७२० पैकी ७२० मिळाले, १५६३ जणांना दिलेले वाढीव गुण रद्द करून त्यांची फेरपरीक्षा झाली, पेपरफुटीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. महाराष्ट्रात खुल्या प्रवर्गातून सरकारी जागेला सहाशे गुणही कमी पडत होते. मी त्या वर्षी परीक्षेला नव्हते, पण पुढच्या वर्षी सहाशे साठच्या वर जायचं तर कसं, या विचाराने माझी झोप उडाली. आणि त्या मुलांचं दुःख मला जवळून दिसत होतं. दोन-दोन वर्षं घरदार सोडून बसलेली मुलं होती ती.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मंडळाचा अर्ज भरला. जानेवारीपासून शिल्लक अर्जित रजा आणि ती संपल्यावर असाधारण रजा घेतली. बिनपगारी महिने कसे काढायचे ते आधीच बाजूला टाकून ठेवलं होतं. फेब्रुवारीत बारावीच्या वर्गांमध्ये बसून जीवशास्त्राचा पेपर दिला, त्याच सुमाराला नीटचा अर्ज भरला.

नीट झाली ४ मे २०२५ ला, रविवारी, दुपारी दोन ते पाच. गेट दीडला बंद. दागिने चालत नाहीत म्हणून मंगळसूत्र घरी काढून ठेवलं होतं, साध्या चपला, अर्ध्या बाह्यांचा सुती कुर्ता. करोनानंतर मिळू लागलेले जादा प्रश्नांचे पर्याय आणि जादा वेळ त्या वर्षी काढून टाकले होते: सरळ १८० प्रश्न, १८० मिनिटं. आणि भौतिकशास्त्राचा भाग असा आला की वर्गात श्वास अडकल्याचं जाणवत होतं. लांबलचक आकडेमोड, दोन-दोन संकल्पना एकात गुंतवलेल्या. शेजारच्या बाकावरची मुलगी रडायला लागली. मला त्या क्षणी माझ्या नोकरीचा उपयोग झाला. अंदाजपत्रकात आकडा ढोबळमानाने किती यायला हवा हे आधी मनात ठरवायची आम्हाला सवय असते. चारपैकी दोन पर्याय मी नुसत्या अंदाजावरच बाद करत गेले.

दुसऱ्या दिवशी, ५ मे ला, बारावीचा निकाल लागला. जीवशास्त्रात मी चांगल्या गुणांनी पास. १४ जूनला नीटचा निकाल आला. देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६ गुण होते, यावरून पेपरची कल्पना यावी. मला पाचशे वीसच्या आसपास मिळाले. आदल्या वर्षी एवढ्या गुणांत काहीच झालं नसतं, या वर्षी सरकारी जागेची आशा होती.

पुढचा टप्पा कागदपत्रांचा, आणि मोठ्या वयाच्या माणसाला, विशेषतः लग्न झालेल्या बाईला, हाच जास्त त्रास देतो. दहावी-बारावी-पदवी माहेरच्या नावाने, आधार नि पॅन सासरच्या नावाने. मी नीटचा अर्ज दहावीच्या गुणपत्रिकेवरच्या नावानेच भरला होता आणि त्याआधी वर्षभर आधारवरचं नाव त्याच्याशी जुळवून घेतलं होतं. विवाह नोंदणी दाखला आणि राजपत्रातली नोंद दोन्ही फाइलला लावली. अधिवास आणि राष्ट्रीयत्वाचा दाखला, शेवटच्या संस्थेचा सोडल्याचा दाखला, ठरलेल्या नमुन्यातलं शारीरिक पात्रतेचं प्रमाणपत्र, मधल्या वर्षांत काय केलं याचं प्रतिज्ञापत्र. सेतू केंद्रात दाखल्याला वेळ लागतो. जूनमध्ये सगळा जिल्हा तिथे रांगेत असतो, म्हणून हे हिवाळ्यातच काढावं. पडताळणीच्या वेळी दोन बारावीच्या गुणपत्रिका पाहून तिथल्या लिपिकांनी वरिष्ठांना बोलावलं. वरिष्ठांनी आयोगाच्या सूचनेची प्रत मागितली, मी दिली, त्यांनी वाचून सही केली. पाच मिनिटांचं काम. ती प्रत जवळ नसती तर ते काम पाच मिनिटांचं राहिलं नसतं.

महाराष्ट्रात सरकारी जागांपैकी ८५ टक्के राज्याच्या सीईटी सेलकडून, म्हणजे प्रवेश परीक्षा कक्षाकडून, भरतात, १५ टक्के अखिल भारतीय कोट्यातून. शासकीय महाविद्यालयांत मुलींसाठी ३० टक्के समांतर आरक्षण आहे. पसंतीक्रम भरताना घराजवळची महाविद्यालयं वर टाकायचा मोह होतोच, मीही टाकली. पण त्यांच्याखाली राज्यातली एकूण एक सरकारी महाविद्यालयं लिहिली. पहिल्या फेरीत काही मिळालं नाही. दुसऱ्या फेरीत मराठवाड्यातलं मिळालं, घरापासून सहा-सात तासांवर. मिळालेली जागाच कायम ठेवण्याचा अर्ज त्याच दिवशी भरून टाकला. पुढच्या फेरीत जवळचं मिळेल म्हणून थांबायला माझं मन धजलं नाही.

जागा हातात आल्यावरच राजीनामा दिला. ऑफिसने चांगली साथ दिली. एमबी आणि साहित्याचा ताबा देऊन कार्यमुक्तीचं पत्र घेतलं. एक गोष्ट सरकारी नोकरीतल्यांनी आधीच समजून घ्यावी: मधेच राजीनामा दिला आणि एनपीएसची, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेतली, रक्कम ठरलेल्या मर्यादेच्या वर असेल, तर तिच्यातले ८० टक्के अ‍ॅन्युइटीत, म्हणजे नंतर पेन्शन देणाऱ्या योजनेत, गुंतवावे लागतात, रोख हातात २० टक्केच येतात. त्या पैशांवर पहिल्या दोन वर्षांची भिस्त ठेवणार असाल तर हिशेब चुकेल.

आणि सासूबाई. निकालानंतर त्या स्वतः म्हणाल्या, "मी आहे तोवर पोराचं आजारपण मी काढीन. तू डॉक्टर झालीस की माझं काढ." मुलाला सोडून वसतिगृहात येण्याच्या दिवशी मी रडले, तोही रडला. रोज रात्री नऊला व्हिडिओ कॉल असतो आणि तो मला त्या दिवशी शिकलेलं एक हाड विचारतो. पण हे सोपं आहे असं मी कुणालाही सांगणार नाही. माझ्या शिक्षणाची किंमत तोही मोजतो आहे, त्याला न विचारता. हे मी विसरू इच्छित नाही.

वर्गात माझ्याबरोबर शिकणारी बहुतेक मुलं २००७ मध्ये जन्मलेली आहेत. पहिल्या आठवड्यात ती मला मॅडम म्हणायची, आता ताई म्हणतात. पहिल्या वर्षाला शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र. डिसेक्शन हॉलमध्ये जाण्याआधी आम्ही सगळ्यांनी शपथ घेतली की ज्यांनी देह दिला त्यांचा मान राखू, त्यांची खासगी बाब बाहेर नेणार नाही. टेबलावर एक वृद्ध बाई होत्या. माझ्या गटातल्या दोन मुलांना पहिल्या दिवशी उभं राहवेना. मला भीती वाटली नाही, पण हात पुढे करायला वेळ लागला. माझ्या वयाच्या माणसाने तोवर दोन-चार जवळची माणसं पोचवलेली असतात. समोरचा देह कुणाचातरी कोण होता हे आम्हाला जास्त ठळक दिसतं. शरीररचनेत माझं पाठांतर वर्गाच्या मागे आहे, पहिल्या अंतर्गत परीक्षेत ते दिसलं. भुजेच्या नसांचं जाळं मी काढते, पुसते, पुन्हा काढते.

कुटुंब दत्तक कार्यक्रमात प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या वर्षापासून गावातली काही कुटुंबं दिली जातात. त्यांच्या आरोग्यावर पूर्ण शिक्षणभर लक्ष ठेवायचं. आमच्या तुकडीला दिलेल्या गावात मी पहिल्या भेटीत रक्तदाब मोजायला शिकले आणि त्याच घरात पिण्याच्या हंड्याची ओटी टेस्ट करून दाखवली. रंग आला नाही. ग्रामसेवकांना सांगितलं, टाकी धुवायचा दिवस ठरला.

नीट तुम्ही का डॉक्टर व्हायचं म्हणता हे विचारत नाही, बारा वर्षं काय काम केलं ते विचारत नाही. मुलाखत नाही, निबंध नाही, शिफारसपत्र नाही. बाहेरच्या देशांत हे सगळं असतं असं काही जण हळहळून सांगतात. मला ही पद्धत मान्य आहे. त्या वर्षी बावीस लाखांवर मुलांनी परीक्षा दिली. त्यांतल्या पाड्यावरच्या एखाद्या मुलीकडे सांगायला अनुभव नाही आणि शिफारस करणारं कोणी नाही, म्हणून ती माझ्या मागे पडावी असं मला वाटत नाही. माझ्या अनुभवाचा उपयोग आत आल्यावर व्हायचा तो होतो आहे.

जे विचारतात त्यांना मी एवढंच सांगते: जागा हातात येईपर्यंत नोकरी सोडू नका. खासगीची फी झेपणार नसेल तर ते आधीच घरात बोलून ठेवा. नावातला फरक वर्षभर आधी मिटवा. आणि बारावीला जीवशास्त्र नसेल तर ऑक्टोबरमध्ये मंडळाचे अर्ज सुरू व्हायच्या आत प्रयोगशाळा असलेल्या एखाद्या कनिष्ठ महाविद्यालयात जाऊन, आयोगाच्या सूचनेची प्रत घेऊन, जीवशास्त्राच्या शिक्षकांना भेटा. कार्यालयात नंतर जा, आधी शिक्षकांना भेटा.